कूस बदला

आंबे काढताना कोणी झाडावरून पडतो. घरातल्या आजोबांना अर्धांगवायू होतो. मग भिवपुरीच्या माणसाला आपण कर्जतला नेतो, नाहीतर पुढे कल्याण-मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. सोबतीला घरचे कोणीतरी भिवपुरी रोडहून रोज गाडीने जाते. औषधपाणी होते, जीव वाचतो. सगळ्यांना हायसे वाटते.

आणि एक दिवस चादर बदलताना दिसते, की माकडहाडापाशी कातडी काळीनिळी पडली आहे. पुढे ती फुटते. जखम आत आत जाते, कधी हाडापर्यंत. पू होतो, ताप भरतो. मूळ दुखण्यातून वाचलेला माणूस या जखमेने दगावू शकतो.

ही जखम होते कशी? तळहातावर बोटाने जोरात दाबून पहा. तिथली जागा पांढरी पडते. बोट काढले की रक्त परत येते. निजलेल्या माणसाचेही तसेच होते. त्याची कातडी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेपते. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. ज्याला हलता येत नाही, त्याच्या कातडीला तासन् तास रक्त मिळत नाही. मग ती मरते. अंग बधिर असेल तर त्याला दुखतही नाही, मग तो सांगणार काय?

घरचे म्हणतात, “आजोबांना आत्ताच डोळा लागलाय. हलवू नका.” मायेनेच म्हणतात हो! पण घात इथेच होतो.

पूर्वी डॉक्टरही म्हणत, मणका मोडलेल्याला अशा जखमा व्हायच्याच. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात लुडविग गुटमन नावाचे डॉक्टर आले. तिथे मणक्याला इजा झालेले सैनिक होते. गुटमन यांनी नियमच केला: दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. माणसे जगू लागली. १९४८ साली तिथेच त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या रोग्यांचे खेळ भरवले. त्यातूनच पुढे अपंगांचे जागतिक सामने सुरू झाले. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून जायबंदी झाले होते. त्यांनी १९७२ साली जर्मनीत याच सामन्यांत पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले.

तेव्हा दोन तासांचा गजर मोबाइलवर लावा. घरात माणसे असतील तर रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. एकट्या सुनेवर सगळे टाकू नका, ती माणूसच आहे. उताणे, मग डावी कूस, मग उजवी. कुशीवर अगदी आडवे करू नका, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीशी उशी देऊन थोडे कलते ठेवा. पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. रोग्याला ओढू नका, दोघांनी उचलून सरकवा. ओढल्याने कातडी खरवडते. मणका नुकताच मोडला असेल तर मात्र आधी नर्सबाईंना विचारा. कसे वळवायचे ते त्या दाखवतील.

रोज उजेडात अंग पहा: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांदे, डोक्याची मागली बाजू. लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा होत नसेल तर ती पहिली खूण. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात फिरवून पहा. जागा गरम, टणक किंवा मऊ लागते का? लागली तर त्या जागेवर भार देऊ नका. तेल लावून चोळूही नका, आतले मांस आणखी दुखावते. मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेनेच रक्त अडते. हवेची गादी मिळाली तर चांगले, पण तिच्यावरही कूस बदलावीच लागते.

लघवी-शौच झाली की लगेच पुसून कोरडे करा. चादरीला चुणी नको. जेवणात नुसती पेज भागत नाही. डॉक्टरांची मनाई नसेल तर डाळ, अंडे, दूध, मासळी द्या. खुर्चीत बसवले तरी सुटका नाही. दर पंधरा मिनिटांनी त्याला थोडे पुढे, थोडे बाजूला कलायला लावा. कातडी फुटली असेल तर हळद, तंबाखू, राख काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.