संमतीपत्र घेता, मग खबर का देत नाही?

फेब्रुवारी २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात वाशिम जिल्ह्याचे नाव एकाएकी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. एरवी या जिल्ह्याची आठवण दिल्ली-मुंबईला होते ती मागासलेपणाची यादी काढताना. २०१८ साली नीती आयोगाने आम्हाला ‘आकांक्षित जिल्हा’ असे गोंडस नाव दिले, तेवढाच काय तो सन्मान! पण त्या आठवड्यात कारण वेगळे होते. रिसोड तालुक्यातील देगाव येथे एका निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. त्यांत १५१ मुले अमरावती जिल्ह्यातली, ५५ यवतमाळची, काही हिंगोली, बुलडाणा, अकोल्याची. खुद्द वाशिम जिल्ह्यातली अवघी ११. म्हणजे २१८ मुलांचे आईबाप दुसऱ्या जिल्ह्यात, आणि लेकरू देगावात.

त्या २१८ घरांत ही खबर कोणत्या वाटेने गेली असेल? शाळेने कुणाला केव्हा कळवले, हा वाद आम्ही आज उकरून काढत नाही. शाळा कोणती, संस्थाचालक कोण, यातही आम्हाला रस नाही. आमचा प्रश्न सगळ्याच शाळांना आहे, आणि तो त्या प्रसंगाने उघडा पडला. मुंबई वगळता राज्यातल्या पाचवी ते आठवीच्या शाळा २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाल्या, तेव्हा शासनाने पालकांचे लेखी संमतीपत्र मागितले होते. ज्या बापाला सही येत नाही त्याने अंगठा दिला, पण कागद दिला. घराकडून शाळेकडे जाणारा कागद सक्तीचा होता आणि तो बिनबोभाट पोहोचला. शाळेकडून घराकडे येणारा कागद मात्र कुणी सक्तीचा केला होता काय? पोराला ताप आला तर किती तासांत कळवणार, कुणाला कळवणार, आईला भेटू देणार की नाही, हे त्या संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून द्यायला कुणाचा हात दुखत होता?

हा प्रश्न सहावी, सातवी, आठवीच्या मुलांच्या बाबतीत सर्वांत टोकाचा होतो. शाळा चौथी-पाचवीपर्यंत असते ती गावातच. आई धुणे धुवायला निघाली तरी शाळेचे अंगण तिच्या नजरेत असते. खिचडी शिजवणारी बाई ओळखीची, गुरुजी ओळखीचे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे. कागदावरचे हे दोन किलोमीटर जास्तीचे. पण त्या दोन किलोमीटरांत आईची नजर संपते. अकरा-बारा वर्षांची पोर पहिल्यांदा गावाची शीव ओलांडते, एसटीत बसते, रस्त्याला लागते. वयही असे की घरी येऊन ती सगळे सांगेलच याचा भरवसा नाही. सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळांत तर अनुसूचित जातीची आणि नवबौद्धांची मुले सहावीपासूनच घर सोडून राहतात. वसतिगृहात लेकरू ठेवणे आपल्या समाजाला नवे नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हापासून आपले आईबाप पोटचा गोळा दूर ठेवून त्याला शिकवत आले आहेत. म्हणूनच त्यांना त्याची खबर हवी.

यावर हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते. ‘आम्ही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकले होते!’ टाकले असेल. पण ज्या मोबाइलवर टाकले तो बापाच्या खिशात, आणि बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला. घरी आजी. तिच्याजवळ फोन असला तर रिचार्ज नाही, रिचार्ज असला तर वाचता येत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याच्या ११ लाख ९७ हजार लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा जवळपास पाचवा हिस्सा होता. हा समाज दिवसा शेतावर असतो. सोयाबीनच्या सोंगणीत सकाळी गेलेली बाई दिवेलागणीला परतते. तिच्यासाठी ग्रुपवरचा मजकूर आणि पंचायतीच्या फळ्यावरचा मजकूर दोन्ही सारखेच मुके.

त्यात बातम्यांचा घोळ वेगळाच. जून उजाडला की मुंबईची दूरदर्शन वाहिनी सांगते, शाळा पंधरा जूनच्या सुमारास सुरू. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे त्यानंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात. हे दरवर्षीचे आहे, तरी दरवर्षी गोंधळ आहेच. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, परीक्षेत वेळ बदलते, शनिवारी लवकर सुटते. लवकर सुटलेली पोर एसटीची वाट पाहत फाट्यावर दोन-दोन तास उभी राहते आणि आईच्या हिशेबात ती अजून वर्गातच असते. सुरक्षा-सुरक्षा म्हणून जो शब्द मोठमोठ्या परिपत्रकांत येतो तो आमच्या लेखी इथून सुरू होतो. ज्या घराला शाळा सुटण्याची वेळ ठाऊक नाही, त्या घराला पोर हरवल्याचेही उशिराच कळणार.

न पोहोचलेल्या खबरीने काय होते ते आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको. १९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल. साताऱ्याहून भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले त्यांना भेटायला निघाली. निघण्याआधी रीतसर पत्र टाकले होते. मसूर स्टेशनावर पोरे उतरली, तास गेला, कुणी न्यायला आले नाही. महाराची पोरे म्हटल्यावर गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे दिले, बैल पोरांनी हाकले आणि गाडीवान पायी चालला. शिदोरी होती, पण पाणी कुणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी पोरे पोहोचली तेव्हा वडील चकित. त्यांना काही कळलेलेच नव्हते. पत्र नोकराच्या हाती आले होते. त्याने ते दिलेच नाही!

वाचकांनी या गोष्टीतले पाणी पाहिले आहे, जात पाहिली आहे. ते पाहायलाच हवे. पण त्या पत्राकडेही एकदा पाहा. पत्र वेळेवर हाती पडले असते तर जात काही नाहीशी झाली नसती, मात्र दहा वर्षांचे पोर त्या रात्री बापाच्या सोबतीने असते. नोकराच्या विसराळूपणाची किंमत सवर्णाच्या पोरानेही मोजली असती, पण एखाद्या तासाच्या खोळंब्याने. आमच्या पोराला ती तहानेने मोजावी लागली. म्हणून आम्ही म्हणतो, कळवण्यातली हयगय सगळ्यांना सारखी लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात गावाची खबर कोणी वाहिली? दवंडी कोणी दिली? परगावी मौतीचा सांगावा घेऊन उन्हापावसात, रात्री-अपरात्री कोण धावला? आमचेच आजे-पणजे. महारकीच्या कामांतले ते एक काम होते, आणि ते मुकाट्याने करावे लागे. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध रान उठवले. कायद्याने ते १९५८ साली रद्द झाले. ज्यांनी अख्ख्या गावाचा सांगावा वाहिला त्यांच्याच नातवंडांचा सांगावा शाळेतून घरापर्यंत येत नसेल, तर याला काय म्हणावे?

शाळेने कळवायचे तरी काय? फार काही नाही. शाळा केव्हा भरते, केव्हा सुटते, वेळ बदलली तर आदल्या दिवशी. पोर गैरहजर असेल तर त्याच दिवशी. शासनाच्या सुरक्षाविषयक सूचनांतही हे आहे. मधल्या सुट्टीत फाटक बंद असते की उघडे. आजारी पोराला घरी कोणाच्या हाती सोपवतात. खिचडी कोण चाखून पाहते. नियमाप्रमाणे वाढण्याआधी ती मोठ्या माणसांनी, त्यांतल्या एका शिक्षकाने तरी, चाखायची असते. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत १६ जुलै २०१३ रोजी माध्यान्ह भोजनाने २३ लेकरांचा बळी घेतला, तेव्हापासून हा प्रश्न विचारताना कुणीही लाजू नये. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्याचा आहार हक्काचा आहे, हेही आईला ठाऊक असावे. मुलीला पाचवीपासून एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. तो पास कोण काढून देते, केव्हा देते? एवढेच. यासाठी कोटीचा निधी लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाला आणि पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, तेव्हा महाराष्ट्र रस्त्यावर उतरला. त्यानंतर शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रार पेटी, अनुचित प्रकार घडल्यास चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्याला कळवणे, सारे आले. सखी सावित्री समितीचा निर्णय तर त्याआधी, १० मार्च २०२२ चा. सावित्रीमाईंचे नाव दिले आहे, तर त्या समितीत कोण-कोण आहे हे शाळेच्या भिंतीवर ठळक लिहिलेले असायला नको का? आमच्या वाचकांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन ही नावे विचारावीत. तक्रार पेटी असेल तर तिची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच खिशात किल्ली असेल, तर त्या पेटीचा उपयोग काय? पोक्सो कायद्यात तर अत्याचाराची माहिती असूनही दडवून ठेवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थाप्रमुखालाही. ‘शाळेची बदनामी होईल’ हे कारण कायद्याला मान्य नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर असावा.

पण कॅमेऱ्याला दिसत नाही असेही काही शाळेत घडते. माठाला आधी कोणी हात लावला, खिचडीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले, शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘एससीवाले उभे राहा’ असे भर वर्गात कोणी म्हटले का? ही आमच्या लेकरांच्या सुरक्षेचीच बाब आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने छडीला बंदी केली तशी मानसिक छळालाही केली आहे. याच जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरला बायकोला विहिरीवर पाणी नाकारले म्हणून एका दलित मजुराने चाळीस दिवस एकट्याने खणून विहीर काढली, ती २०१६ साली. गावात जे २०१६ ला होते ते शाळेच्या फाटकावर येऊन थांबते, असे कुणी समजू नये.

आता मुद्द्याचे. हे सारे विचारायचे कुठे? अर्ज-विनंत्यांची गरज नाही. विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची आहे. कलम २१ वाचा. समितीत पाऊण हिस्सा पालक, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. त्यांच्या प्रमाणात! शाळेत शंभरात चाळीस लेकरे बौद्धवाड्यातली आणि तांड्यावरची असतील, तर पालकांच्या जागाही त्याच हिशेबाने हव्यात. मग यादीत नाव घालायचे ते एखाद्या अशा माणसाचे, जो ‘होय सर’ म्हणून सही करून येईल, हा प्रकार आपणच चालू दिला तर दोष कुणाला देणार? जी बाई प्रश्न विचारते तिला समितीत पाठवा. शिकलेली नसली तरी चालेल. पोर घरी न आल्याचे तिलाच आधी कळते.

गुरुजींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग, वर निवडणुकीची कामे आणि रोजची ऑनलाइन माहिती. त्यांना घरोघर फिरा असे आम्ही म्हणत नाही. पण सांगावा पोहोचवायला आपल्याकडे विहार आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर विहाराच्या भोंग्यावरून दोन ओळी सांगायला काय लागते? ‘उद्या शाळा सकाळी साडेसातला, अकराला सुटणार, ज्यांची पोरे एसटीने येतात त्यांनी फाट्यावर कोणाला तरी पाठवावे.’ तांड्यावर नायकाने सांगावे. ऊसतोडीला गेलेल्या घरांची वेगळी यादी करून त्या मुलांमागे गावातल्या एका माणसाचे नाव शाळेच्या वहीत लिहावे. शाळेने त्याला कळवावे आणि त्याने फडावर फोन करावा. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीसाठी जशी घरे पालथी घातली, तशी जूनच्या अखेरीला एकदा या यादीसाठी घालावीत.

आणि मुख्याध्यापकांना एक सांगणे. पालकसभा दुपारी बारा वाजता ठेवू नका. तेव्हा आमच्या बाया निंदणात असतात, आणि सभेला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. संध्याकाळी सातला ठेवा, नाहीतर रविवारी. सूचना दोन दिवस आधी द्या, आणि ती कागदावर देण्याआधी तोंडी द्या.