पहारा यादृच्छिक अंकावर

लोणी काळभोरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली नेटवर्कची लॅब. एका रांगेत हल्लेखोर, समोर राखणदार. सर्व्हर दोन: एकावर पगार आणि परीक्षेचे गुण, किंमत ४; दुसऱ्यावर नुसत्या नोटिसा, किंमत १. राखणदारांना एका फेरीत एकाच सर्व्हरवर नजर ठेवता येते. नजर नसलेला फुटला की त्याची किंमत हल्लेखोरांच्या खात्यात.

राखणदार अर्थातच मोठ्यापाशी ठाण मांडून बसले. हल्लेखोरांनी थोडा वेळ अंदाज घेतला आणि नोटिसांचा सर्व्हर आरामात फोडत राहिले. मग पहारा आलटूनपालटून सुरू झाला. तो क्रम ओळखायला कितीसा वेळ लागणार? आता मोठाच पडला. रोज ठरल्या वेळी शिट्टी वाजवणारा गुरखा चोराच्या सोयीचाच.

सरांनी फळ्यावर मोठ्यावरच्या पहाऱ्याची शक्यता ‘प’ धरली. हल्लेखोराला दोन्हीकडे सारखीच कमाई दिसली पाहिजे, म्हणून ४ × (१ − प) = प. उत्तर ०.८. दहांत आठ वेळा मोठा, दोन वेळा छोटा; पण कोणती फेरी कोणाची, ते राखणदारालाही आधी कळता कामा नये. ते संगणकाच्या यादृच्छिक अंकावर सोडायचं. पोरांच्या हाती दिलं की लागोपाठ दोनदा छोटा आल्यावर तिसऱ्यांदा ती तो टाळतातच.

“सर, मग हल्लेखोर जाणार कुठं?”

त्याच्या बाजूनं तेच गणित केलं, तर पाचांत चार वेळा छोट्यावर! मला हे सर्वांत रंजक वाटलं. मोठ्याची राखण नीट झाली की चोर किरकोळ मालाकडे वळतो. मात्र खऱ्या नेटवर्कमध्ये छोट्यातूनच मोठ्यात शिरायची वाट असते आणि ४ हा आकडा कुणीतरी अंदाजानंच ठरवलेला असतो. या गणिताची लंगडी बाजू ती.

तरी ते फळ्यापुरतं नाही. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटानं याच विचारावर केलेली प्रणाली २००७ पासून लॉस एंजेलिस विमानतळावरच्या तपासणी नाक्यांच्या जागा ठरवू लागली.

सुट्टी कधी, हे मात्र चोरालाही आधीच ठाऊक असतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी. बँका बंद. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये.

तुमच्या ऑफिसातली नेटवर्कची तपासणी ठरल्या वारी, ठरल्या वेळी होत असेल, तर निदान ती वेळ तरी सोडतीनं ठरवा, आणि सुट्ट्याही त्या सोडतीत धरा.