चालतो, पण चुकतो का?

संगणकाचा प्रोसेसर एक तर चालतो किंवा बंद पडतो, त्याला मधली अवस्था नसते, असा समज जुन्या संगणकांच्या बाजारात रूढ आहे, आणि यंत्र सुरू होऊन पडद्यावर विंडोज दिसू लागले की सौदा पक्का करण्याची पद्धतही याच समजावर उभी आहे. प्रत्यक्षात प्रोसेसर पूर्णपणे निकामी होणे विरळच. अधिक अडचणीचा ठरतो तो असा प्रोसेसर, जो चालू राहतो आणि अधूनमधून चुकीचे उत्तर देतो. त्यामुळे तो सुरू होतो का एवढे पाहणे ही त्याची परीक्षा ठरत नाही. ज्या गणितांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत ती त्याच्याकडून तापलेल्या अवस्थेत, पुरेसा वेळ करून घेणे, ही खरी परीक्षा होय.

हा प्रश्न सध्या अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. परिणामी सहाव्या-सातव्या पिढीची, एरवी धडधाकट असलेली कार्यालयीन यंत्रे जुन्या बाजारात येऊ लागली. या बाजाराचे मुंबईतील सर्वपरिचित ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. वैतरणा, सफाळे, पालघर किंवा बोईसर येथील ग्राहकाला तेथून घेतलेली वस्तू बदलून आणायची तर जवळजवळ दिवस मोडावा लागतो, कारण उपनगरी सेवा 2013 मध्ये डहाणू रोडपर्यंत वाढली असली तरी विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच आहेत. ‘सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी’ हे आश्वासन अंधेरीच्या ग्राहकाला जितके उपयोगी, तितके वैतरण्याच्या ग्राहकाला नाही. त्याने तपासणी दुकानातच उरकलेली बरी.

चालता प्रोसेसर चुकतो कसा, हे समजण्यासाठी त्याच्या ठोक्याकडे पाहावे लागते. प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते, आणि 4 गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरमध्ये दोन ठोक्यांमधील अंतर सेकंदाच्या चार अब्जाव्या भागाइतके, म्हणजे ज्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर पुढे सरकतो इतके, असते. एवढ्या वेळात विद्युतसंकेताने ट्रान्झिस्टरांची एक साखळी पार करून पुढच्या टप्प्यावर पोहोचले पाहिजे. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेने उघड-बंद होणारी सूक्ष्म कळ; उष्णता आणि जास्त व्होल्टेज यांमुळे ती वर्षानुवर्षांत किंचित मंदावते. संकेत उशिरा पोहोचला की पुढचा टप्पा जुनाच आकडा उचलतो आणि चूक घडते. म्हणूनच म्हातारा झालेला प्रोसेसर सर्वांत आधी आपल्या कमाल वेगावर अडखळतो, तर कमी वेगावर तो ठणठणीत भासतो.

दुसरी झीज तारांची असते. प्रोसेसरच्या आतील अतिसूक्ष्म धातूच्या तारांमधून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलतात. या क्रियेला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि तारेचे आयुष्य विद्युतप्रवाहाची घनता व तापमान यांवर कसे अवलंबून असते याचे सूत्र मोटोरोलातील जेम्स ब्लॅक यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामामुळे सर्वमान्य झाले. सामान्य वापरात ही झीज दहा-वीस वर्षे तरी जाणवू नये अशी रचना केलेली असते, त्यामुळे प्रोसेसर किती वर्षांचा आहे यापेक्षा तो किती व्होल्टेजवर आणि किती तापमानात राबवला गेला, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. याचा ठळक दाखला इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांचा आहे. त्यांना गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याने ते अस्थिर होत असल्याचे 2024 मध्ये कंपनीने मान्य केले, त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु ही दुरुस्ती पुढची हानी रोखते, झालेली भरून काढत नाही. या पिढ्यांचा वापरलेला प्रोसेसर घेताना सर्वाधिक सावध राहावे.

चुकीचे उत्तर देणारा प्रोसेसर ओळखणे किती अवघड असते, याचीही उदाहरणे आहेत. जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात खोट आढळली: 41,95,835 ला 31,45,727 ने भागल्यास 1.33382 यायला हवे, तेथे 1.33374 येत होते. ती खोट आराखड्यातलीच असल्याने त्या सर्व प्रोसेसरांत सारखी होती, म्हणून ती पकडताही आली. झिजेची किंवा एखाद्याच चिपमधली चूक तशी नसते. 2021 मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी वर्णन केलेल्या एका प्रकरणात, एका प्रोसेसरच्या एकाच कोअरमध्ये, म्हणजे स्वतंत्र गणन-एककात, 1.1 च्या 53 व्या घाताचा पूर्णांक भाग 156 ऐवजी शून्य येत असे, आणि त्यामुळे फायली नाहीशा होत होत्या. यंत्राने मात्र कोणतीही तक्रार नोंदवली नव्हती.

दुकानात तपासणीला बसताना प्रथम डोळ्यांनी पाहावे. एएमडीच्या एएम4 प्रकारात पिना प्रोसेसरवरच असतात आणि वाकलेली एक पीनही महागात पडते. इंटेलच्या गेल्या दोन दशकांतील प्रोसेसरवर सपाट सोनेरी ठिपके असतात आणि पिना मदरबोर्डच्या सॉकेटात, त्यामुळे तेथे सॉकेट पाहणे अधिक गरजेचे. बोईसर-तारापूरसारख्या खाऱ्या हवेच्या आणि रासायनिक कारखान्यांच्या भागात वापरलेल्या यंत्राबाबत मदरबोर्ड विशेष बारकाईने पाहावा, कारण प्रोसेसरच्या ठिपक्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण बोर्डवरील तांबे व चांदी गंधकयुक्त वायूंनी गंजतात. प्रोसेसरच्या झाकणावरील नावाचा छाप बदलून विकणारेही असतात. त्यावर उपाय म्हणजे सीपीयू-झेडसारख्या मोफत प्रोग्रॅमने प्रोसेसरला त्याचे नाव विचारणे, कारण ते नाव चिपच्या आतूनच मिळते. एएमडीचे काही व्यावसायिक प्रोसेसर एकाच कंपनीच्या मदरबोर्डाशी कायमचे बांधलेले असतात, हे ध्यानात ठेवावे.

यानंतरची पायरी बहुतेक ग्राहक विसरतात: बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम, मूळ सेटिंगवर आणावे. कमाल वेगावर अडखळणाऱ्या प्रोसेसरचा वेग तेथे थोडा कमी केला की तो निर्दोष वाटतो, आणि विक्रेत्याने हे मुद्दाम केले असेल किंवा आधीच्या मालकाने नाइलाजाने, ग्राहकाला ते एरवी दिसत नाही.

मग खरी परीक्षा. प्राइम95 हा प्रोग्रॅम मूळचा मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिला. त्यातील ‘टॉर्चर टेस्ट’ प्रोसेसरला प्रचंड गुणाकार करायला लावते आणि आलेले उत्तर साठवलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहते. ही चाचणी चालू असताना तापमानही पाहावे. अनेक इंटेल प्रोसेसर 100 अंश सेल्सियसजवळ पोहोचताच स्वतःचा वेग कमी करतात. तसे झाले तर आधी वाळलेली थर्मल पेस्ट बदलून पुन्हा तपासावे, कारण दोष बहुधा पेस्टचा असतो. केवळ जड चाचणीवर विसंबू नये, कारण सर्व कोअर एकदम राबताना वेग उतरतो आणि कमाल वेग एकट्या कोअरला मिळतो. म्हणून एकेका कोअरवर स्वतंत्र चाचणी घ्यावी आणि 7-झिपने मोठी फाइल आवळून-उलगडून पाहावी. उलगडताना एका बिटाची चूक झाली तरी फाइलीसोबत साठवलेला पडताळा-अंक जुळत नाही.

किती वेळ, या प्रश्नाचे उत्तर संभाव्यतेचे गणित देते. एखादा प्रोसेसर तासाला सरासरी एक चूक करत असेल, तर अर्ध्या तासाच्या चाचणीतून तो निर्दोष सुटण्याची शक्यता तब्बल 61 टक्के असते. एका तासानंतर ती 37 टक्के उरते आणि तीन तासांनंतर जेमतेम 5 टक्के. पंधरा मिनिटांची चाचणी म्हणजे नाणेफेकीपेक्षाही दुबळा पुरावा. ज्या दोषी प्रोसेसरची चूक दिवसातून एकदाच होते, तो तीन तासांतही बहुधा सापडणार नाही. त्यासाठी घरी नेल्यावर रात्रभर चाचणी आणि बिलावर तारखेसह लिहिलेली वॉरंटी एवढाच मार्ग उरतो. विक्रेता तीन तास द्यायला तयार नसेल आणि बिलही देत नसेल, तर तो प्रोसेसर, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नये.