डब्यावरचे वॅट, बिलातले युनिट

संगणकाच्या पॉवर सप्लायवर 750 वॅट छापलेले असले, तरी तो सतत तेवढी वीज ओढत नाही. तो आकडा कमाल क्षमतेचा.

खरी गळती होते ती एसीचे डीसी करताना. वाया गेलेल्या विजेची उष्णता होते. ही गळती रोखण्यासाठी अमेरिकेत 2004 साली ‘80 प्लस’ प्रमाणपत्र आले : 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षमता. त्यातल्या ‘गोल्ड’ श्रेणीला निम्म्या भारावर 90 टक्के गाठावे लागतात.

300 वॅट लागणारा संगणक 80 टक्क्यांवर प्लगमधून 375 वॅट घेतो, 90 टक्क्यांवर 333. रोज चार तास वापर आणि युनिटला 17 सेंट दर धरला, तर वर्षाला सुमारे 61 युनिट, म्हणजे दहा डॉलर वाचतात. दिवसभर राबणाऱ्या संगणकात ‘गोल्ड’चे जादा पैसे लवकर वसूल होतात.