मार्गारेटचा पट्टा

एकाच पुस्तकाच्या दोन प्रती माझ्यापुढे आहेत. जूडी ब्लूमचं ‘आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट’, अमेरिकेत १९७० साली आलेलं. जुनी प्रत मी शाळेत असताना रद्दीच्या दुकानातून आणलेली, नवी भाचीची. गोष्ट तीच. बाराव्याला टेकलेली मार्गारेट पाळीची वाट बघते, मैत्रिणीबरोबर दुकानात पॅड आणायला जाते आणि गल्ल्यावर मुलगा बघून दोघी चुळबुळतात. मग घरी गुपचूप लावून बघणं. जुन्या प्रतीत त्यासाठी कमरेला पट्टा आहे. पट्ट्याला पुढेमागे आकडे, त्यांत पॅडची टोकं अडकवायची. नव्या प्रतीत पट्टा नाहीच. पॅडमागचा कागद काढायचा, चिकटवायचं, झालं.

पुस्तक आलं त्याच सुमारास मागे चिकटपट्टी असलेले पॅड बाजारात येत होते. पुढे पट्टे दुकानांतून गेले, तेव्हा ब्लूमनं मजकूर बदलला. मला हे पटतं. ज्या मुलीला कुणी काही सांगत नाही तिला हे पुस्तक वापराची रीत सांगतं, आणि ती रीत आजचीच हवी. हे सांगणंच अनेकांना खुपलं. ब्लूमनं आपल्या मुलांच्या शाळेला प्रती भेट दिल्या, तर मुख्याध्यापकांनी पाळीचा उल्लेख आहे म्हणून त्या ग्रंथालयात ठेवल्या नाहीत. १९९०च्या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या शंभर पुस्तकांच्या अमेरिकन यादीतही ते होतं.

मी शाळेत असताना आमच्या वाचनात यंत्र म्हणजे फास्टर फेणेची सायकल. ती मलाही हवी होती. पण कमरेची नाडी आणि तिला खोचलेली जुन्या साडीची घडी यांना तंत्रज्ञान म्हणावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. समाजशास्त्रज्ञ जूडी वाइकमननं १९९१च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं: पुरुषांच्या हातातल्या वस्तूंनाच आपण तंत्रज्ञान समजत आलो. मला ते वाचताना आधी मार्गारेटचे आकडे आठवले. परदेशातली ती मुलगी मला एकदम घरची वाटली होती, कारण तिलाही कमरेला काहीतरी बांधावं लागत होतं. घरात ‘कावळा शिवला’ एवढंच बोललं जाई. घडी कशी घालायची ते आईनं एकदाच दाखवलं, तेही दाराला कडी लावून.

२०१८ साली महाराष्ट्रात स्वस्त पॅडची अस्मिता योजना आली, त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला. मेडिकलवाला मात्र आजही पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. मार्गारेटवरच्या २०२३च्या चित्रपटानं काळ १९७०चाच ठेवला. तो बघून आल्यावर भाचीनं माझी जुनी प्रत मागितली. आकड्यांच्या पानावर अडली. मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर पट्टा काढून दाखवला, शेजारी माझी नाडी आणि घडी. तिनं विचारलं, “आणि धावताना, मावशी?”

धावायचोच नाही आम्ही, त्या चार दिवसांत.