पिंपातल्या तळ्याचा हिवाळा

अमेरिकेतल्या मिनियापोलिससारख्या कडाक्याच्या थंडीच्या नगरात अंगणातले खोल तळे वरून गोठले, तरी तळाशी 4 अंशांचे जड पाणी राखून ते माशांना जगवते. परंतु अर्ध्या पिंपात मांडलेले चिमुकले तळे चहूबाजूंनी थंडी शोषून तळापर्यंत घट्ट होण्याचा संभव असल्याने, हिमाचा अंमल सुरू होण्यापूर्वीच त्याची तळघरात रवानगी करणे प्राप्त होते. सोनेरी माशांना उबेपेक्षा स्थैर्य हवे असते: जुन्या पाण्याचा बराचसा अंश सोबत न्यावा, हवेचा पंप अखंड चालू ठेवावा, आणि पाणी 10 अंशांखाली उतरले की खुराक तहकूब करावा, कारण थंडीत त्यांचे पचन मंदावते व उरलेले अन्न कुजून पाणी नासवते. (उपासाची ही सक्ती माशांपेक्षा मालकालाच अधिक जड जाते.) थंडी सोसणाऱ्या कुमुदिनीची पाने छाटून कुंडी ओलसर, गार व अंधाऱ्या जागी ठेवली की पुरे, उष्णदेशीय जातींचे कंद मात्र ओल्या वाळूत जपावे लागतात. आणि जलपर्णी, पवना नदीच्या पात्रातून जिचा उपसा करता करता आपल्याकडे यंत्रेही थकतात, तिला तिथे दिव्याच्या प्रखर उजेडात, कोमट पाण्यात, जावयासारखी सांभाळतात. तरीही पुष्कळदा ती वसंतापर्यंत टिकत नाही.