तिकीट काढण्याआधी थोडं ऐकून घेऊ

उन्हाळी हंगामात पाचगणीत फलकावर ‘जॅझ’ शब्द दिसला की आपण म्हणतो, हे पाहुण्यांसाठी. तरी एकदा गटातल्या आम्ही चौघी गेलो आणि अर्ध्यातून उठून आलो. वाटलं, वादक अजून सूरच जुळवताहेत, गाणं सुरू कधी होणार? ते तर केव्हाच सुरू झालं होतं! तिकिटाचे आणि परतीच्या जीपचे पैसे मात्र गेले.

आता आम्ही आधी मोबाईलवर बघतो. फलकावरचं वादकाचं नाव शोधायचं. टाइप करणं जमत नसेल तर माईकचं चिन्ह दाबून बोलायचं. मिनिटभराचा तुकडा नको, पूर्ण कार्यक्रम लावायचा. मग त्याच वादकाने तीच धून दुसरीकडे वाजवलेली ऐकायची. सुरुवात ओळखीची वाटेल, मधला भाग वेगळाच निघेल. जॅझची गंमत तिथेच आहे. आधी सगळे मिळून धून मांडतात, मग एकेक जण ती आपल्या मनाने फुलवतो, बाकीचे ठेका धरून राहतात आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. भजनात बुवा एकच चरण किती तऱ्हांनी आळवतात, तसंच. एकाची पाळी संपली की मध्येच टाळ्या वाजवतात, त्यात संकोच नको.

हे संगीत अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय लोकांनी घडवलं. गोव्याच्या वादकांनी ते मुंबईच्या हॉटेलांत वाजवलं, तिथून सिनेमात आणलं. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं संगीत असलेला ‘अलबेला’ (१९५१) आठवतो ना? त्यातल्या ‘दीवाना ये परवाना’ गाण्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच दिसतात. ते मूळचे गोव्याचे आंतोनियो वाझ. हा व्हिडिओ आधी बघा, बाकीचं सोपं जाईल. ट्रम्पेट तर आपल्या वरातीच्या बँडमध्येही असतो.

एक मात्र लक्षात ठेवा. मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर बेसचा, म्हणजे जाड तारांच्या वाद्याचा घुमारा जवळजवळ येतच नाही. तो समोर बसूनच कळतो. ड्रमचंही तसंच, व्हिडिओत तो बेताचा वाटतो, पण जवळ बसलात तर दुसरं काही ऐकू येत नाही. तान्हं बाळ बरोबर असेल तर मागची, दाराजवळची जागा धरा.